एकसष्ट रिळं आणि कपाटाचा एक खण

फील्डवर्कला जाणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी ही वेळ येते. समोरचा माणूस म्हणतो, "हे सगळंच घेऊन जा." आणि तुमच्याकडे जागा असते विभागातल्या कपाटाच्या एका खणाची. मग काय ठेवायचं आणि काय सोडायचं? रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात सॅम्पलिंगवर दहा मार्कांचा प्रश्न येतो, तो आपण पाठ करून सोडवतो. पण हातात खरी वस्तू असते आणि ती ठेवली नाही तर उद्या भंगारात जाणार असते, तेव्हा तोच प्रश्न वेगळा दिसायला लागतो. आजचं उदाहरण मासेमारीच्या जुन्या रिळांचं आहे. तुमचा विषय ओव्या असोत, शिलालेख असोत नाहीतर बियाणं, पद्धत तीच.

माझा विषय थोडक्यात सांगते. भीमा आणि नीरेच्या खोऱ्यात, म्हणजे मुख्यतः इंदापूर आणि बारामती तालुक्यांत, मासे पकडायची साधनं कशी बदलली, हा. या भागात पाण्याचा नकाशा दोनदा बदलला. पहिल्यांदा १८८० च्या दशकात, नीरा डावा कालवा आला तेव्हा. दुसऱ्यांदा १९८० मध्ये, उजनी धरण पूर्ण झालं तेव्हा. वाहती भीमा होती तिथे मैलोन्मैल पसरलेलं उभं पाणी आलं. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर पाण्याखाली गेलं, ते अजूनही पाणी खूप उतरलं की वर येतं. आज भिगवणचा आणि इंदापूरचा मासळीबाजार चालतो तो या जलाशयावर. कटला, रोहू, मृगळ आणि ढिगाने चिलापी. चिलापी मुळात आफ्रिकेतली. धरणाआधीच्या भीमेत गळ टाकणाऱ्या माणसाला आजच्या पाटीतले निम्मे मासे ओळखूही आले नसते.

जाळ्यांवर थोडं तरी लिहिलं गेलंय. गळाने मासे धरणाऱ्यांवर जवळपास काहीच नाही, कारण त्यात धंदा कमी आणि नाद जास्त. म्हणून बारामतीतल्या एका घरून निरोप आला तेव्हा मी लगेच गेले. घरातले आजोबा, आपण त्यांना आबा म्हणू, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर नोकरीच्या निमित्ताने कालवा, बंधारे, जलाशय यांच्या काठानेच फिरले आणि जिथे गेले तिथे गळ टाकला. आता मुलाकडे पुण्याला फ्लॅटमध्ये जायचं होतं, दोन महिन्यांत घर रिकामं करायचं होतं. माडीवर तीन खोकी. त्यात रिळं निघाली एकसष्ट.

रीळ म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: गळाच्या काठीला खाली लावलेली, दोरी गुंडाळायची आणि सोडायची चकरी. कल्पना जुनी आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस मा युआन या चिनी चित्रकाराने काढलेल्या चित्रात होडीतल्या माणसाच्या काठीला रीळ दिसतं. आधुनिक रिळांचे ढोबळमानाने तीन प्रकार. एक, साधी चकरी, मधल्या आसावर गरागरा फिरणारी. दुसरा, दातेरी चाकं घातलेलं, हँडलच्या एका फेऱ्यात दोरीचे अनेक फेरे गुंडाळणारं. तिसरा, आज सगळीकडे दिसतो तो स्पिनिंग रीळ. यात चकरी फिरतच नाही. दोरी तिच्या टोकावरून सुटत जाते, सूतगिरणीत बॉबिनवरून सूत सुटतं तशी. आणि ही नुसती उपमा नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे कापड-उद्योजक आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली असं रीळ पेटंट केलं, ते गिरणीतली बॉबिन बघूनच.

आबांच्या एकसष्टमध्ये चाळीस रिळं अलीकडची, १९९० नंतरची साधी स्पिनिंग रिळं होती. बारा जुनी परदेशी. आणि नऊ घरगुती, म्हणजे लाकडाच्या फळीवर, बांबूच्या कांड्यावर किंवा सायकलच्या हबवर केलेली.

तर आता कामाला लागू. घरच्यांचा हिशोब सरळ होता. परदेशी बारा किमती, ती ठेवा. चाळीसांतलं चांगलं चालतं ते एखादं ठेवा, बाकी एकासारखं एक आहे. लाकडाची नऊ बंबात घाला. बाजाराच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही. संशोधनाच्या दृष्टीने मात्र हा क्रम बहुतेक उलटा आहे. का, ते जरा सावकाश बघू.

परदेशी कंपनीचं रीळ हजारोंच्या संख्येने बनलेलं असतं. इंग्लंडच्या हार्डी कंपनीचं किंवा फ्रान्सच्या मिचेलचं एखादं मॉडेल जगभरच्या संग्राहकांकडे आहे, त्यांचे जुने कॅटलॉग आहेत, नंबरावरून वर्ष काढायच्या याद्या आहेत. आबांकडचं रीळ नाहीसं झालं तरी त्या मॉडेलबद्दलच्या माहितीत काही तूट येत नाही. तूट येते ती वेगळ्या गोष्टींत: त्यावर गुंडाळलेली दोरी, तिची जाडी, शेवटची गाठ, हँडल तुटल्यावर केलेली दुरुस्ती. बारांपैकी तिघांचं हँडल मूळचं नव्हतं. लेथवर कातून बसवलेलं पितळी होतं. परकीय चलनाची टंचाई आणि आयातीचे कडक परवाने या काळात गळाच्या रिळाचा सुटा भाग बाहेरून कोण आणणार? मग बारामतीतलाच एखादा लेथवाला मदतीला यायचा. ते कातलेलं हँडल दुसऱ्या कुठल्या कॅटलॉगात मिळणार नाही.

दोरीबद्दल एक उपयोगाची युक्ती. नायलॉन जगापुढे आलं १९३८ मध्ये. त्यामुळे रिळावर तंगूस असेल तर ती गुंडाळणी त्याआधीची असूच शकत नाही. याला म्हणतात आधीची मर्यादा ठरवणं. पण लक्षात घ्या, मर्यादा दोरीची ठरली, रिळाची नाही. रीळ तीस वर्षं जुनं आणि तंगूस गेल्या वर्षीची, असं सहज असतं. व्हायवाला असाच प्रश्न येतो: तुमचा पुरावा नक्की कशाचं वय सांगतो?

आता चाळीस "एकासारखी एक" रिळं. डुप्लिकेट हा शब्द मला अलीकडे खटकतो. दोन वस्तू सारख्या आहेत की नाहीत हे वस्तू ठरवत नाही, तुमचा प्रश्न ठरवतो. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण पक्ष्यांच्या अंड्यांचं आहे. इंग्लंडमध्ये अंडी गोळा करायचं वेड असलेले हौशी लोक एकाच जातीच्या पक्ष्याची शेकडो अंडी पेट्यांतून जपत. बघणाऱ्याला वाटावं, बहिरी ससाण्याचं एक अंडं ठेवलं की झालं, बाकीची कशाला? डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने ही अंडी मोजली, त्यांच्या कवचांची वजनं घेतली आणि १९६७ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की १९४७ च्या सुमारापासून ससाण्यांच्या अंड्यांची कवचं एकाएकी पातळ झालीत. डीडीटीसारख्या कीटकनाशकांवर जे रान उठलं त्यामागचा हा एक भक्कम पुरावा. अंडी गोळा करणाऱ्या एकाच्याही डोक्यात कीटकनाशक नव्हतं. "सारखी" अंडी कामाला आली ती दोन कारणांनी: ती अनेक होती, आणि प्रत्येकीवर तारीख आणि ठिकाण लिहिलेलं होतं. चिठ्ठी हरवलेलं अंडं या कामाला शून्य किमतीचं.

आपल्याकडचं उदाहरण तर इंदापूरचंच आहे. पेशवे दफ्तरातून गो. स. सरदेसाईंनी निवडून काढलेले कागद १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांत छापले गेले. प्रचंड काम. पण ती निवड होती, आणि निवड त्या काळच्या प्रश्नांनी केली होती: स्वाऱ्या, तह, राजकारण. न निवडलेले रुमाल जर "छापून झालं, आता काय करायचे" म्हणून टाकले असते तर? ते पुण्याच्या पुराभिलेखागारात राहिले, म्हणून कितीतरी वर्षांनी मिचिहिरो ओगावा हे जपानी अभ्यासक पुण्यात येऊन १७६१ ते १८२८ या काळातल्या इंदापूर परगण्यावर सामाजिक-आर्थिक अभ्यास करू शकले. परगण्याचे हिशोब म्हणजे दिसायला एकासारखे एक कागद. पण दर वर्षीचा हिशोब सारखाच दिसतो म्हणूनच वर्षावर्षातला फरक मोजता येतो ना!

मान्य, पण पुराभिलेखागाराला इमारत आहे, मला एक खण. सगळं ठेवा हा सल्ला देणाऱ्याच्या घरात सहसा जागा असते. म्हणून थोडं गणित करू.

समजा चाळीस रिळांतून आठ ठेवायची आणि ती डोळे मिटून, चिठ्ठ्या टाकून निवडायची. एखादा गुण, म्हणजे समजा घरगुती दुरुस्ती, चाळीसांपैकी आठ रिळांत आहे. तर आपल्या आठांत तसं एकही रीळ न येण्याची शक्यता किती? पहिलं रीळ दुरुस्ती नसलेलं निघायची शक्यता ३२/४०, दुसऱ्याची ३१/३९, असं करत आठव्याची २५/३३. सगळ्यांचा गुणाकार साधारण ०.१४. म्हणजे शंभरात चौदा वेळा तो गुण आपल्या हातून पूर्ण निसटेल. परवडण्यासारखं आहे. आता तो गुण फक्त दोन रिळांत असेल तर? हिशोब करून बघा, शक्यता ०.६४ येते. शंभरात चौसष्ट वेळा दुर्मीळ गोष्ट गेलीच. ठेवायची संख्या दुप्पट करून सोळा केली तरी ०.३५. थोडक्यात, नेहमीचं काय होतं हे चिठ्ठ्यांनी कळतं, दुर्मीळ काय होतं ते चिठ्ठ्यांवर सोडता येत नाही.

उपाय पुस्तकात आहेच: स्तरित नमुना. आधी गट पाडायचे, मग प्रत्येक गटाला वेगळा नियम. पण गट पाडायला आधी सगळी रिळं बघावी लागतात, आणि खरी मेहनत इथे आहे. मी प्रत्येक रिळाला सुतळीने पुठ्ठ्याचा नंबर बांधला. स्टिकर लावायचं नाही, डिंक धातूवर आणि रंगावर डाग पाडतो. वजन, चकरीचा व्यास आणि रुंदी, दोरीची जाडी व्हर्नियरने, शेजारी पट्टी ठेवून चार बाजूंनी फोटो. एका रिळाला वीसेक मिनिटं. एकसष्ट रिळं म्हणजे वीस तासांच्या वर, चार दिवस गेले. पण वस्तूला जागा लागते, नोंदीला लागत नाही. नोंद एकसष्टच्या एकसष्टांची झाली.

इथे दोन सूचना. पितळ बघून हात शिवशिवतात, पण पितांबरी लावून चकाकवू नका. कळकट थर, ग्रीस, चिखल यांतच वापर दिसतो, आणि संग्राहकसुद्धा घासलेल्या रिळाला कमी पैसे देतात. दुसरं, जुन्या डब्यांत शिशाची वजनं असतात. हातमोजे घाला, नाही तर निदान हात धुतल्याशिवाय चहा घेऊ नका.

फोटो आणि मापं झाल्यावर, कुठलंही रीळ घराबाहेर जाण्याआधी, आबांची मुलाखत. हा क्रम चुकवू नका. माणसाला नुसतं "तुमच्या आठवणी सांगा" म्हटलं की तो नेहमीच्या चार गोष्टी सांगतो. हातात वस्तू दिली की वेगळं बोलतो. तेवीस नंबर हातात घेऊन आबा म्हणाले, "हे चिलापी आल्यानंतरचं. चिलापीला एवढी दोरी कशाला लागते, पण जाड दोरीची सवय सुटंना." या एका वाक्यात माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण आहे. साधन माशाप्रमाणे लगेच बदलत नाही, हाताची सवय मध्ये असते. मग मी सगळ्या रिळांच्या दोरीची जाडी आणि आबांनी सांगितलेला अंदाजे काळ शेजारी शेजारी मांडला. एका माणसाच्या संग्रहावरून तालुक्याबद्दल बोलता येणार नाही हे खरंच, पण इंदापूरच्या काठावर कुणाला काय विचारायचं ते तरी ठरलं.

आणखी एक अडचण आहे, ती कुठल्याही संग्रहात असते. जे उरलंय तेच आपण बघतो. सगळ्यात मोठ्या माशाने तोडून नेलेला गळ खोक्यात नसतो, तो पाण्यात असतो. तुटलेली रिळं फेकली जातात, उसनी दिलेली परत येत नाहीत, आणि बक्षीस म्हणून आलेलं रीळ एकदाही न वापरता मखमलीत राहतं. त्यामुळे खोक्यात अमुक एक प्रकार जास्त आहे म्हणून तो जास्त वापरला जायचा, असं लिहू नका. मी आबांना प्रत्येक वेळी विचारलं, "असं अजून एखादं होतं का? त्याचं काय झालं?" या हरवलेल्या रिळांची वेगळी यादी केली. ती सतरांची झाली.

आता प्रत्यक्ष निवड. चाळीसांपैकी दुरुस्ती केलेली सात निघाली, ती सगळी ठेवली. उरलेल्या तेहतीसांतून चिठ्ठ्या टाकून पाच. चिठ्ठ्या आबांच्या नातीने उचलल्या, तिला ते फार आवडलं. चिठ्ठ्याच का? कारण मी निवडायला बसले तर दिसायला बरी, पूर्ण, चालणारी उचलीन, आणि पुढच्याला वाटेल बारामतीत सगळी रिळं धडधाकट असायची. परदेशी बारांतून कातलेल्या हँडलची तीन आणि जुनी दोरी शाबूत असलेलं एक, अशी चार ठेवली. लाकडी-बांबूची नऊच्या नऊ मला हवी होती. ती कुठल्या कॅटलॉगात नाहीत, आणि त्यातलं एक पळसदेवच्या बाजूच्या एका मच्छीमाराने धरण व्हायच्या आधी आबांना करून दिलेलं. बांबूचं कांडं, दोन खाचा, त्यावर पीळ दिलेली सुती दोरी. सगळ्या संग्रहात धरणाआधीच्या भीमेचं म्हणता येईल असं हे एकच. मी तेच मागितलं.

आबा म्हणाले, "पोरी, परदेशी सगळी ने. हे राहू दे माझ्यापाशी."

तुम्ही काय केलं असतं? माझ्या गाईडचा नियम सोपा आहे: देणाऱ्याचा नकार हा डेटाच असतो. मी त्या कांड्याची मापं पुन्हा घेतली, खाचांची खोली घेतली, दोरीला किती पेड आहेत आणि पीळ कुठल्या दिशेला आहे ते लिहिलं, आणि ते कसं वापरायचं याचा आबांच्या हातांचा व्हिडिओ केला. नोंदीत ठिकाणाच्या रकान्यात "मूळ मालकाकडे, पुणे" असं आहे. तुमच्या यादीत असलेली प्रत्येक वस्तू तुमच्या ताब्यात असायलाच हवी, असा काही नियम नाही.

हिशोब: बारा, चार आणि आठ मिळून चोवीस रिळं खणात आली. कांडं आबांकडे, दोन परदेशी घरच्यांनी आठवण म्हणून ठेवली. उरलेली सहा परदेशी त्यांना विकायची होती, आणि याबद्दल थोडं कायद्याचं. शंभर वर्षांहून जुनी, पूर्वीच्या काळातली कला, कारागिरी, रीतिरिवाज दाखवणारी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात बसू शकते, आणि पुरावशेष देशाबाहेर पाठवायला खासगी व्यक्तीला परवानगी नाही. ऑनलाइन परदेशी गिऱ्हाईक मिळालं म्हणून लगेच कुरियर करायचं नाही, आधी वय तपासायचं. हँडलची मूठ हस्तिदंती असेल तर विषयच संपला, वन्यजीव संरक्षण कायदा आहे. या सहांपैकी एकाची मूठ हस्तिदंतासारखी दिसत होती. जाणकाराला दाखवली, ती कृत्रिम निघाली, आणि रिळही शंभर वर्षांच्या आतलं होतं. मगच सगळी विकली, देशातच.

विक्रीचे पैसे अर्थातच कुटुंबाचे. संग्रहालयांनी वस्तू काढून टाकताना मात्र आंतरराष्ट्रीय संकेत वेगळा आहे: आलेला पैसा संग्रहासाठीच वापरायचा. आणि "संग्रहालयाला देऊन टाका ना" असं म्हणणाऱ्यांसाठी, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत, दालनात दिसतात त्या अडीच हजारांच्या घरात. कुठलंही संग्रहालय चाळीस स्पिनिंग रिळं उभ्या उभ्या घेणार नाही. त्यांना हवं असतं ते नोंदीसकट, निवडून, कारणासकट.

कारणासकट यावर माझा जोर आहे. उरलेली अठ्ठावीस साधी रिळं कालव्यावर गळ टाकणाऱ्या पोरांना आणि एका दुरुस्तीवाल्याला गेली. त्या प्रत्येकाच्या नोंदीत दोन रकाने जास्तीचे आहेत: कुठे गेलं, आणि का काढलं. "चिठ्ठीत आलं नाही" हे पूर्ण कारण आहे. "निरुपयोगी" हे कारण नाही, कारण कोणत्या प्रश्नासाठी निरुपयोगी ते त्यात नाही. पुढे कुणाला रिळांच्या प्लास्टिकवर किंवा किमतींवर काम करायचं झालं तर त्याला निदान कळेल की काय होतं, किती होतं आणि आम्ही काय पाहून सोडलं.

सतरा हरवलेल्या रिळांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर एक नोंद आहे: नीरा-नरसिंहपूरला, नीरा आणि भीमेच्या संगमावर, काठीसकट पाण्यात गेलेलं. मोठ्या माशाने ओढून नेलं. कुठला मासा होता, असं मी विचारलं. आबा म्हणाले, "दिसला असता तर तुटला असता का?" रकान्यात मी "मासा: पाहिला नाही" असं लिहिलंय. पुढच्या महिन्यात इंदापूरच्या काठावर ही सगळी यादी घेऊन बसणार आहे, दोरीच्या जाडीचे आकडे आणि बांबूच्या कांड्याचा फोटो सोबत घेऊन.